डेव्हिड अंकल : सहा वर्षं बेकार राहिलेला ग्रॅज्युएट

‘गोलमाल’ न पाहिलेला मुलगा आपल्या हॉस्टेलवर शोधूनही सापडायचा नाही. उत्पल दत्तचा भवानीशंकर आणि अमोल पालेकरची मिशी यांवर हसून झालं की जरा मागे जाऊन आठवा. बेकार रामप्रसादला जागा कुठे रिकामी आहे, तिथला साहेब कसा विक्षिप्त आहे, त्याच्यापुढे कसं वागायचं, हे सगळं कोण सांगतं? डॉक्टर केदार! टक्कल, बुटकी मूर्ती, डोळ्यांत मिश्कील हसू. आपल्या घरातलाच कुणी मामा किंवा काका वाटावा असा तो माणूस म्हणजे डेव्हिड.

गंमत अशी, की रामप्रसादला नोकरीची वाट दाखवणाऱ्या या माणसाला स्वतःला पदवी हातात असताना सहा वर्षं नोकरी मिळाली नव्हती. आणि दुसरी गंमत, जी आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते, ती ही, की हा डेव्हिड मराठी होता. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

चेऊल, म्हणजे अलिबागजवळचं चौल. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची आडनावं अशीच गावांवरून पडलेली आहेत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर, दिवेकर. नुसतं आडनाव ऐकलं तर माणूस ज्यू आहे असं आपल्या मनातही येणार नाही. या समाजात चालत आलेली कथा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ फुटलं आणि जे वाचले ते तिथेच राहिले. पुढे पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा चालवला. शनिवारी धर्माप्रमाणे घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली! बायका नऊवारी नेसू लागल्या, घरात मराठी आली, आणि नवसाला नारळ-पोह्यांचा मलिदा प्रेषित एलियाहूच्या नावानं होऊ लागला. १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं.

या लोकांनी आपला इतिहास आपल्याच माणसांना सांगण्यासाठी कोणता रंगमंच निवडला असेल? कीर्तन! १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं आणि ती साकी, दिंडी, ओवी अशा आपल्या चालींत. पेटी-झांजांच्या साथीवर मोशे इजिप्तमधून आपल्या लोकांना सोडवून नेतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. ज्यू इतिहास सांगणारी नाटक मंडळी जगात बऱ्याच ठिकाणी होऊन गेली. पण नारदाच्या गादीवर उभं राहून तोच इतिहास मराठीत सांगणारे बहुधा फक्त हेच!

व्यावसायिक रंगभूमीवरही ही मंडळी होती. पारशी नाटक कंपन्यांसाठी लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्राएलच. त्यांच्याच नाटकावरून १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट निघाला. उलट बाजूनं पाहिलं तर ‘यहुदी की लडकी’ हे ज्यूंच्या छळाची गोष्ट सांगणारं गाजलेलं नाटक लिहिलं आगा हश्र काश्मिरी यांनी. १९५८ मध्ये बिमल रॉय यांनी त्यावर ‘यहुदी’ काढला. म्हणजे ज्यूंची गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली आणि दुसऱ्यांच्या गोष्टी ज्यूंनी. आपल्याकडे हा व्यवहार असा उधारी न मांडता चालत आला.

अशा समाजात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डेव्हिड जन्माला आले. १९३० मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. त्या काळात बी. ए. म्हणजे केवढी गोष्ट! पण साल बघा. १९२९ मध्ये अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला होता आणि मंदीची झळ जगभर पोचली होती. पदवी होती, नोकरी नव्हती. एक वर्ष गेलं, दोन गेली, अशी सहा गेली. मित्रांनो, आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूच्या एका फेरीत नाव आलं नाही तर आपण दोन दिवस मेसला जात नाही. सहा वर्षं म्हणजे पूर्ण इंजिनिअरिंग करून वर आणखी दोन वर्षं! घरच्यांना रोज काय सांगायचं, ओळखीचा माणूस समोरून आला की कुठल्या गल्लीत वळायचं, हे ज्याच्यावर आलं असेल त्यालाच कळेल.

शेवटी त्यांनी ठरवलं, की नोकरी मिळत नाही तर पोटासाठी अभिनय करून बघू. आता या निर्णयात शहाणपण किती होतं ते तुम्हीच ठरवा. उंची कमी, रूप हिरोचं नाही, मागे कुणी निर्माता काका नाही. जमेला काय, तर आवाज, स्वच्छ भाषा आणि चेहऱ्यावरचं हसू. नायमपल्ली नावाचे चरित्र अभिनेते त्यांचे मित्र होते. त्यांच्या ओळखीनं मोहन भवनानी यांच्या ‘झांबो’ या जंगलपटात काम मिळालं. साल १९३७. पुढे १९४१ मध्ये बॉम्बे टॉकीजच्या ‘नया संसार’मध्ये ते दिसले. नायक अशोक कुमार, विषय वर्तमानपत्राच्या धंद्यातली सचोटी, आणि कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. हे नाव सोलापूरकरांनी विसरू नये. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये रुग्णसेवा करताना गेले, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं ते याच अब्बासांनी, आणि त्यावरूनच शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ मध्ये आला.

डेव्हिडना छोटी कामं मिळत राहिली. कधी वकील, कधी डॉक्टर, कधी शेटजी. पोस्टरवर चेहरा नाही, पण सिनेमा चालला की हा माणूस लक्षात राहायचा. नशिबानं त्यांचं दार वाजवलं ते १९५४ मध्ये, म्हणजे पदवीनंतर तब्बल चोवीस वर्षांनी.

सिनेमा होता राज कपूर यांची निर्मिती असलेला ‘बूट पॉलिश’. आई-बाप नसल्यासारखी झालेली दोन भावंडं, त्यांना भीक मागायला लावणारी चाची, आणि शेजारी राहणारा जॉन चाचा. हा जॉन चाचा कोण? मुंबईतल्या दारूबंदीच्या काळात चोरून दारू विकणारा! स्वतःचा धंदा बेकायदा, पण मुलांना शिकवण काय, तर हात पसरू नका, हातांनी काम करा. पोरं पैसे साठवून पॉलिशचं सामान घेतात, तर पाऊस सुरू होतो. पावसात कोण बुटाला पॉलिश करून घेणार? इकडे चाचाला पोलीस धरून नेतात. बेबी नाझ आणि रतन कुमार या दोन मुलांसमोर मोठ्या माणसानं अभिनय करायचा म्हणजे परीक्षाच. डेव्हिड त्या मुलांपेक्षा मोठे व्हायला गेलेच नाहीत. रफी-आशाच्या आवाजातलं मुलांबरोबरचं त्यांचं गाणं आजही बालदिनाला वाजतं. तुरुंगातलं मन्ना डेंचं गाणं मात्र आवर्जून बघा. टकले कैदी ढगाला आळवून सांगतात, की बाबा बरस, म्हणजे आमच्या डोक्यावर पीक येईल! अस्सल शास्त्रीय चालीवर एवढा निखळ विनोद फार कमी वेळा जमला आहे.

पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, फिल्मफेअरनं सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक नव्यानं सुरू केलं. ते मिळवणारा पहिला माणूस डेव्हिड. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटही ‘बूट पॉलिश’च ठरला. सहाय्यक म्हणजे दुय्यम, असं आपण समजतो. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको, की पुलाचा भार फक्त दिसणारी कमान घेत नाही. खाली पाण्यात उभा असलेला खांबही घेतो, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

डेव्हिडची आणखी एक ओळख होती ती सूत्रसंचालक म्हणून. फिल्मफेअरचे सोहळे आणि मुंबईतले कितीतरी कार्यक्रम त्यांनी रंगवले. आपल्या गॅदरिंगमध्ये माईक हातात आला की निम्मे जण स्वतःच कार्यक्रम होऊन बसतात. सूत्रसंचालकाचं खरं काम दुसऱ्याला उजेडात आणून आपण बाजूला होण्याचं. हेच काम डेव्हिडनी पडद्यावर चाळीस वर्षं केलं. १९६९ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

त्याच १९६९ मध्ये आला हृषीकेश मुखर्जींचा ‘सत्यकाम’, एका प्रामाणिक इंजिनिअरची गोष्ट. धर्मेंद्रचा हा सिनेमा प्रत्येक इंजिनिअरनं सही करायला पेन उचलण्याआधी एकदा पाहावा असं मला वाटतं. त्यात डेव्हिड रुस्तम झाले. ‘अभिमान’मध्ये लग्नाच्या समारंभातच नवऱ्यापेक्षा बायकोचा गळा श्रेष्ठ आहे हे ओळखणारे जाणकार ते. ‘चुपके चुपके’मध्ये थट्टेत सामील होणारे हरिपद भैया ते. १९७९ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, ‘गोलमाल’मधले डॉ. केदार आणि ‘बातों बातों में’मधले लोकलच्या डब्यात जोडी जुळवणारे टॉम अंकल, दोन्ही तेच.

आता ही नावं एका ओळीत ठेवून बघा. जॉन, रुस्तम, हरिपद, केदार, टॉम. ख्रिश्चन, पारशी, हिंदू... प्रत्येक घरात हा माणूस घरचाच वाटला. श्रेयनामावलीत मात्र फक्त ‘डेव्हिड’. चेऊलकर कुठेच नाही. त्यामुळे चौलचं आडनाव लावणारा, मराठी बोलणाऱ्या समाजातला हा माणूस आपला होता, हे खुद्द मराठी प्रेक्षकालाच कळायचं राहून गेलं.

१९८१-८२ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या टोरांटो शहरात त्यांनी जगाचा निरोप घेतला. तोवर त्यांच्या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले होते. भरात असताना वीस-पंचवीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्रानं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. कीर्तन ऐकणारे कान कमी झाले. पण इस्राएलमधल्या या मंडळींनी १९८५ पासून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. कुणाला पोसायला सरकार नाही, वाचायला गर्दी नाही, तरीही!

आपल्या वळसंगच्या रस्त्यावर उभं राहिलं तर दहा मिनिटांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू कानावर पडते. हॉस्टेलच्या एका खोलीत तीन मातृभाषा झोपलेल्या असतात. आपल्या पार्टनरच्या घरी कोणती गाणी म्हणतात, त्याचं आडनाव कोणत्या गावावरून आलं, हे चार वर्षांत आपण विचारतो का? डेव्हिडला कुणी विचारलं नाही, म्हणून आपण एक चेऊलकर हरवून बसलो.

प्लेसमेंटचा सीझन आला की नोटीस बोर्डासमोर गर्दी होईल. काहींची नावं लागतील, काहींची लागणार नाहीत. ज्यांची लागणार नाहीत त्यांनी १९३० ते १९३७ ही वर्षं मोजावीत. आणि ज्यांची लागतील त्यांनी संध्याकाळी शेजारच्या खोलीचं दार वाजवावं. रामप्रसादला नोकरी लागली, कारण आधी कुणीतरी केदार त्याच्याशी बोलला होता.