ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स

नाताळचा सण आला की आम्हांस एका इंग्रज पुराणकाराचे स्मरण होते. पुराणकार आणि तोही इंग्रज, हे वाचून कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरी चातुर्मासात पोथी लागते, त्या घरास फादर थॉमस स्टीफन्स यांच्या कार्याचे मोल निराळे सांगावयास नको.

इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात इ. स. १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या अमलात कॅथलिक पंथ पाळणे तेथे संकटाचे झाले होते. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले आणि १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षे गोव्यातच, बहुतांशी साष्टी प्रांतात गेली.

त्या साष्टीची अवस्था सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली. जुन्या धर्मग्रंथांवर बंदी आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांचा क्षोभ उसळला आणि पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह मिळविण्याच्या कामी स्टीफन्स होते.

बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांनी दिवेलागणीनंतर वाचावे तरी काय? बायबल लॅटिनमध्ये होते, आणि लोकभाषेतून ते वाचण्यावर रोमचेच निर्बंध होते. पुराणश्रवणावर वाढलेल्या कानांना प्रश्नोत्तरांची कोरडी धर्मशिकवण पुरेना. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे हेच गाऱ्हाणे मांडतो: जुनी पुराणे वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का नसावे?

त्या गाऱ्हाण्याचे उत्तर म्हणजे सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या पुराणात बायबलच्या जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि स्वर्गास शब्द योजला तो वैकुंठ! नाथमहाराजांचे भागवत काशीस १५७३ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर उण्यापुऱ्या त्रेचाळीस वर्षांनी, १६१६ मध्ये, हे पुराण रायतूर येथे रोमन अक्षरांत छापून निघाले. मराठीची थोरवी गाताना या परदेशस्थाची लेखणी जी रंगते, ती वाचून आम्हांस संकोच वाटतो. ज्या सत्तेने आमच्या पोथ्या मिटविल्या, तिच्याच आश्रयाने हे पुराण लिहिले गेले, हे आम्ही विसरत नाही. तरीही पोथीविना घर सुने असते, हे त्यांनी जाणले होते.

१६१९ मध्ये फादर निवर्तले. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. चर्चमध्ये आणि घरोघरी त्याचे वाचन होई. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत टाकावी, असे फर्मान काढले. तिन्ही जुन्या आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ राहिला तो हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कॅथलिक कुटुंबांनी आपल्या प्रती जपल्या, झिजल्या तेव्हा नव्याने उतरवून घेतल्या आणि उपवासकाळात घरी वाचल्या. अशा हस्तलिखित प्रतींच्या आधारे जोझेफ साल्दान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. तो देवनागरीत, म्हणजे आपल्या पोथ्यांच्या अक्षरात, शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात आणला.