सिनेमातला साहेब आणि रेडिओवरचं विमान

आमच्या एरोमॉडेलिंग क्लबच्या कपाटात एक जुना ट्रान्समीटर धूळ खात पडला होता. हातभर लांब होणारी अँटेना, दोन स्टिक, मागच्या खाचेत ७२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. निकेल-कॅडमियमचे सेल गळून आत पांढरट पूड जमलेली. ती पूड अल्कलीची, म्हणून मेसमधून लिंबू आणून साफ केली (मेसवाल्या काकांना वाटलं सरबत करतोय). मग नवीन बॅटरी घातली आणि जुनं आर.एफ. सर्किट काढून तिथे २.४ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल जोडलं. गंमत म्हणजे एन्कोडरला हात लावावाच लागला नाही. प्रत्येक चॅनेलला १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स, हा हिशेब तेव्हाही तोच होता. स्टिक जुन्या, फक्त हवेतली वाट नवी!

हे करताना डोक्यात आलं, की रेडिओवर उडणारी विमानं कारखान्यात हजारोंनी बनवायचं खूळ पहिल्यांदा कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? अमेरिकेपुरतं उत्तर सापडलं ते रेजिनाल्ड डेनी. आणि मित्रांनो, हा माणूस इंजिनिअर नव्हताच. तो सिनेमा नट होता.

जन्म २० नोव्हेंबर १८९१, लंडनजवळचं रिचमंड. घरचं आडनाव डगमोर, डेनी हे रंगभूमीवरचं. वडील गायक-नट, त्यामुळे पोरगाही लहानपणीच स्टेजवर उभा राहिला. पहिल्या महायुद्धात तो रॉयल फ्लाइंग कॉर्प्समध्ये गेला आणि विमानाचं वेड तिथून घेऊनच परतला. युद्धानंतर अमेरिका. १९२०च्या दशकात युनिव्हर्सलच्या विनोदी मूकपटांचा तो मोठा हिरो होता. पडद्यावर अगदी अमेरिकन तरुण दिसायचा. मग बोलपट आले, त्याने तोंड उघडलं, आणि आतून अस्सल इंग्रज निघाला! हिरोची कामं गेली, साहेबी थाटाच्या दुय्यम भूमिका वाट्याला आल्या. १९५६च्या अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज या सिनेमात तर तो चक्क मुंबईचा पोलिस इन्स्पेक्टर झाला आहे.

दुसरा कोणी असता तर कुढत बसला असता. डेनीला मात्र मॉडेल विमानांनी पछाडलं. १९३४ साली भागीदाराबरोबर कंपनी काढून त्याने हॉलिवूड बुलेव्हार्डवर मॉडेल विमानांचं दुकान थाटलं. वॉल्टर रायटर या इंजिनिअरने बनवलेलं छोटं पेट्रोल इंजिन डेनीमाइट या नावाने विकलं. नटाचं नाव इंजिनाला, डिझाइन दुसऱ्याचं. आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्टवर होतं तसंच, पण निदान इथे डिझाइन विकत घेतलेलं होतं.

आता खरी गोष्ट. विमानविरोधी तोफांवरच्या सैनिकांनी सराव कशावर करायचा? त्या काळी खऱ्या विमानाच्या मागे लांब दोरीने कापडी लक्ष्य बांधायचे आणि खालून त्यावर मारा करायचे. पुढच्या पायलटच्या जिवाला घोर, आणि ते लक्ष्य बिचारं संथ, सरळ रेषेत जाणारं. शत्रू असा थोडाच येतो? डेनीचं म्हणणं असं, की स्वस्तातलं रेडिओ-नियंत्रित मॉडेलच उडवा ना, वळवा, खाली आणा, पडलं तर पडलं, आत माणूस नाही. १९३५ साली त्याने आरपी-१ नावाचा नमुना लष्कराला दाखवला. कंत्राट मिळालं १९४० साली! मधली पाच वर्षं आरपी-२, आरपी-३, आरपी-४ अशा सुधारणा चालूच होत्या. त्याच १९४०मध्ये हिचकॉकच्या रेबेका सिनेमात तो इस्टेटीचा मॅनेजर म्हणून झळकला. पाहणाऱ्या किती जणांना हा माणूस दुसरीकडे काय करतोय हे ठाऊक असेल?

या कंत्राटातून पुढे आलं ते ओक्यू-२. मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचा. वजन साधारण ४७ किलो, पंखांची लांबी ३.७ मीटर, दोन सिलिंडरचं ६ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, वेग ताशी १३७ किलोमीटरच्या आसपास. नियंत्रण फक्त रडर आणि एलिव्हेटरचं, एलेरॉन नाहीतच. मग प्रोपेलरच्या टॉर्कने विमान एका अंगाला कलंडायला लागलं तर सावरणार कसं? म्हणून एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर बसवले, एकाचा टॉर्क दुसऱ्याने मारायचा. पुढच्या ओक्यू-३मध्ये मात्र एकाच प्रोपेलरवर भागवलं. उड्डाण कॅटापल्टवरून, आणि गोळ्यांतून वाचलंच तर पॅराशूट उघडून खाली. नौदलाने तेच विमान घेतलं आणि नाव ठेवलं टीडीडी, म्हणजे टार्गेट ड्रोन डेनी. ड्रोन हा शब्द आज पोरासोरांच्या तोंडी आहे, त्याला जोडून या नटाचं नाव लष्करी कागदावर चढलं होतं.

महायुद्ध संपेपर्यंत त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने जवळजवळ १५,००० विमानं बनवली. व्हॅन नाइसच्या कारखान्यात नॉर्मा जीन नावाची एक कामगार मुलगी होती. लष्करी फोटोग्राफरने तिचे फोटो काढले आणि पुढे ती मॅरिलिन मन्रो झाली. रेडिओप्लेनची माहिती शोधायला जावं तर आधी तिचाच फोटो समोर येतो, त्यापुढे एलेरॉनचं कोणाला पडलंय!

माझा रूम पार्टनर म्हणतो, की शेवटी यानेही खेळणं नेऊन लष्कराच्याच हातात दिलं. मला ते पूर्ण पटत नाही. डेनीचं विमान गोळ्या झाडत नव्हतं, झेलत होतं, आणि दोरी ओढणाऱ्या पायलटचा जीव त्यात वाचत होता. पण रूम पार्टनरचं अगदीच खोडूनही काढता येत नाही. १९५२ साली नॉर्थ्रॉपने कंपनी विकत घेतली आणि त्याच दशकात या लक्ष्य-विमानांच्या घराण्यात टेहळणीचा कॅमेरा बसला. तिथून पुढे काय काय बसलं ते पेपरात वाचतोच. आमचा वाद मेसपासून खोलीपर्यंत चालतो, अजून मिटलेला नाही.

डेनी मात्र पुन्हा आपल्या कामाला लागला होता. नाटकं, सिनेमे, टीव्ही. १९६६च्या बॅटमॅन सिनेमात तो म्हातारा कमोडोर म्हणून दिसतो, ते शेवटचं काम. १६ जून १९६७ रोजी तो वारला, तेही इंग्लंडात, जन्म झाला त्याच रिचमंडमध्ये.