तुर्की भाषा ‘उघडणारा’ माणूस: कोण होते आगोप दिलाचार?

तुर्कीत ‘दिल’ म्हणजे हृदय नव्हे, तर भाषा. ‘आच’ म्हणजे उघड. त्याला ‘आर’ प्रत्यय लावला की ‘उघडतो’ आणि ‘माझ’ लावला की ‘उघडत नाही’. दिल, आच आणि आर जोडले की होतं दिलाचार, म्हणजे भाषा उघडणारा. हे एका भाषातज्ज्ञाचं आडनाव आहे.

त्यांचं मूळ नाव आगोप मार्तायान. जन्म १८९५, इस्तंबूलमधल्या आर्मेनियन कुटुंबातला.

१९२८ मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली. मग अरबी-फारसी शब्दांना तुर्की पर्याय शोधायची मोहीम सुरू झाली. आगोप तेव्हा बल्गेरियात होते. १९३२ च्या पहिल्या भाषा परिषदेसाठी मुस्तफा केमाल यांनी त्यांना बोलावून घेतलं.

नवे शब्द बनवायचं मुख्य साधन होतं प्रत्यय. उदाहरणार्थ, ‘बिल’ म्हणजे जाण, ‘बिल्गी’ म्हणजे माहिती. पुढे याच पद्धतीने संगणकासाठी शब्द आला ‘बिल्गीसायार’, म्हणजे माहिती मोजणारा. शेवटी पुन्हा तोच ‘आर’!

१९३४ मध्ये तुर्कस्तानात आडनाव सक्तीचं झालं. ‘दिलाचार’ हे नाव खुद्द अतातुर्क यांनी सुचवलं. आगोप यांनी पुढचं सगळं आयुष्य तुर्की भाषा संस्थेला दिलं.

१९७९ मध्ये ते गेले. सरकारी टीव्ही आणि अनेक वर्तमानपत्रांनी मात्र बातमीत ‘आगोप’ हे आर्मेनियन नाव टाळून फक्त ‘आ. दिलाचार’ म्हटलं. ज्यांनी भाषेला इतके शब्द दिले, त्यांचं स्वतःचं नाव त्याच भाषेत अर्धंच उच्चारलं गेलं.