बाप्तिस्म्याआधी मनाची तयारी : फादर थॉमस स्टीफन्स



आपल्या नागपुरात शाळाप्रवेशाचे अर्ज निघाले की पॅरिश कार्यालयात बाप्तिस्म्याचा दाखला मागायला पालक येऊ लागतात. दाखला मागण्यात गैर काही नाही. पण कधी कधी मुलाचा बाप्तिस्माच राहून गेलेला असतो आणि तो याच आठवड्यात उरकून द्यावा असा आग्रह होतो. आधी आईवडिलांनी आणि धर्ममाता-धर्मपित्यांनी शिकवणीला बसावे, असे धर्मगुरूंनी सांगितले की काही जण नाराज होतात. एवढी तयारी कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी चारशे वर्षांपूर्वी गोव्यात होऊन गेलेल्या एका धर्मगुरूचे चरित्र जरूर जाणून घ्यावे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणे सोपे नव्हते. मिस्साबलिदानात भाग घेणे हा गुन्हा होता. थॉमस यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांनी तर श्रद्धेपायी आयुष्यातील कितीतरी वर्षे तुरुंगात काढली. थॉमस मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लिस्बन सोडले व सुमारे साडेसहा महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला उतरले. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

त्यांचे कार्यक्षेत्र होते साष्टी. तिथली परिस्थिती कठीण होती. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात राग धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. त्यानंतर सत्तेनेही गावाच्या प्रमुखांना निर्दयपणे मारले. आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांना करावे लागले. जी सत्ता त्यांच्या धर्माची पाठराखण करीत होती, तिच्याच जुलमाने लोकांची मने दुखावली होती. मायदेशी सत्तेने श्रद्धेवर केलेला जुलूम तर त्यांनी तरुणपणीच पाहिला होता. अशा ठिकाणी डोक्यावर पाणी ओतले म्हणजे माणूस मनाने ख्रिस्ताचा होतोच असे नाही, हे तेथे राहणाऱ्या धर्मगुरूच्या ध्यानात आल्यावाचून कसे राहील?

स्टीफन्स यांनी लोकांची भाषा शिकायला घेतली. कोकणी ते बोलू लागलेच, पण मराठी संतकवींची ओवीही त्यांनी आत्मसात केली. राशोल येथे रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिले जात असे. अशाच एका वेळी घडलेला प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने मोकळेपणी विचारले की, ही शिकवण चांगली आहे. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे पुराण का देत नाही?

दुसरा कोणी असता तर रागावला असता. स्टीफन्स यांनी तो प्रश्न मनावर घेतला आणि उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. तेच आपले 'ख्रिस्तपुराण'. पहिल्या भागात जगाच्या निर्मितीपासूनचा जुन्या कराराचा इतिहास आहे, तर दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा लोकांच्या ओठावरचा शब्द घेतला. देशी लिपीचे खिळे मिळावेत म्हणून त्यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहिले. ते खिळे काही मिळाले नाहीत. शेवटी १६१६ मध्ये राशोल येथे हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६१९ मध्ये फादर स्टीफन्स प्रभूघरी गेले. गुरू व शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांतून श्रद्धा समजावणारी त्यांची कोकणी 'दौत्रिना' त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यात लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला. मूळ छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. तरीही ख्रिस्तपुराण टिकले, कारण भाविकांनी ते हाताने लिहून जपले व घरोघरी गाइले. सत्तेच्या जोरावर दिलेले विरून जाते. मनात उतरलेले मात्र पिढ्यान् पिढ्या राहते.

आज आपली ख्रिस्तसभाही हेच सांगते. प्रौढांना बाप्तिस्म्याआधी टप्प्याटप्प्याने तयार करण्याची जुनी रीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ च्या विधीने, पुन्हा सुरू झाली. बालकाच्या बाबतीत ही तयारी आईवडिलांची आणि धर्ममाता-धर्मपित्यांची असते. मूल श्रद्धेत वाढेल अशी खरी आशा हवी, असे धर्मसभेचा कायदा सांगतो. ती आशा अर्जावर लिहून देता येत नाही. संध्याकाळी घरात होणाऱ्या प्रार्थनेत ती दिसते.

शाळेत मुलाला जागा मिळावी ही इच्छा योग्यच आहे. पण शाळेचा दाखला बारा वर्षांनी हाती येतो आणि शाळा संपते. बाप्तिस्म्याने मिळालेली जागा आयुष्यभराची, नव्हे अनंतकाळची आहे. म्हणून शिकवणीला बसताना घड्याळाकडे पाहू नका. राशोलच्या त्या माणसासारखे मनातले प्रश्न धर्मगुरूंना मोकळेपणी विचारा. त्याच्या एका प्रश्नातून मराठीला ख्रिस्तपुराण लाभले. आपल्या प्रश्नांतून आपल्या घरात श्रद्धेचा दिवा लागो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.