चिक चॉकलेट : गाण्यामागचा ट्रम्पेट

आपल्या सालवड-बोईसरकडे हळदीत बँडवाल्यांनी 'शोला जो भडके' सुरू केलं की आजोबासुद्धा भगवानदादांसारखे हात हलवायला लागतात. 'अलबेला' (१९५१) चित्रपटातल्या या गाण्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यातल्या बोंगोचा ठेका, ट्रम्पेटची फेक यामागे आणखी एक माणूस होता. आज त्याची ओळख करून घेऊ.

नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज काळात गोव्यात गावोगावी चर्चच्या शाळा होत्या आणि तिथे मुलांना बाराखडीसारखंच पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला-लिहायला शिकवत. अँटोनियोही अशाच शाळेत शिकला. पुढे मुंबईत येऊन त्याने ट्रम्पेट हाती धरला आणि 'चिक चॉकलेट' या नावाने ताजमहाल हॉटेलात स्वतःचा जॅझ बँड चालवला. अमेरिकेचा लुई आर्मस्ट्राँग हे त्याचं दैवत. वाजवण्याची ढब, गाताना आवाजाला दिलेली खरखर, सगळं तसंच! लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणू लागले.

आता खरी गंमत बघा. त्या काळी संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. पण एवढ्या मोठ्या वाद्यवृंदात कुणी, कुठे, काय वाजवायचं हे प्रत्येकाला कागदावर लिहून द्यावं लागे. हे काम अरेंजरचं, आणि ते करणारे बहुतेक गोव्याच्या त्या शाळांतून आलेले. सी. रामचंद्रांसाठी चिकने हेच केलं. रेडिओवर संगीतकाराचं नाव सांगतात, अरेंजरचं नाही. 'साहाय्यक' हा शब्द मला इथे फारच तोकडा वाटतो.

तो नुसता दुसऱ्याच्या चालींचा लेखनिक नव्हता, बरं का! 'नादान' (१९५१) आणि 'रंगीली' (१९५२) या चित्रपटांना त्याने स्वतः संगीत दिलं. तलत महमूदचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' ऐका. जॅझवाल्याची इतकी हळवी चाल ऐकून चकित व्हाल. मात्र संगीतकार म्हणून त्याला फार काम मिळालं नाही. १९६७ मध्ये, जेमतेम पन्नाशी ओलांडलेली असताना तो गेला.

मुलांना 'अलबेला' दाखवणार असाल तर 'दीवाना परवाना' गाणं चुकवू नका. त्यात झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला जो बँड दिसतो, तो चिकचाच. ट्रम्पेट घेतलेला तो स्वतः.