हौद खुला करणारे जोतीराव

गुरुजींनी या वेळी पाणी आणि वीज वाचवण्यावर लिहायला सांगितले, म्हणून मी महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र लिहीत आहे. त्यांचा आणि पाण्याचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तर ऐका.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे लोक फुले म्हणू लागले. घर माळ्याचे. लहानपणी शाळा सुटली तेव्हा जोतीराव वडिलांच्या मळ्यात राबले. तेव्हा पाणी मोटेने काढावे लागे. एकेका वाफ्यासाठी बैल आणि माणूस दोघेही घामाघूम होत.

१८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. लोकांनी त्रास दिला, तरी दोघे मागे हटले नाहीत.

त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत. कुणी वरून ओतले तर पाणी मिळायचे, नाहीतर तहानलेलेच परत जायचे. हे जोतीरावांना बघवले नाही. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला.

१८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांसाठी धनकवडीला अन्नछत्र चालवले. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक लिहिले. पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाते, म्हणून बांध घालून ते जमिनीत मुरवावे, असे त्यात सुचवले आहे. कालव्याचे पाणी ज्याला त्याला जमिनीच्या मानाने तोटीने मोजून द्यावे, म्हणजे कुणी जास्त घेणार नाही, हेही त्यांनी सांगितले. १८८८ साली लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

आता आपल्या गावाचे बघा. नळाला पाणी एक दिवसाआड येते. वरच्या आळीत तोट्या उघड्या राहिल्या की शेवटच्या घरांना थेंबही पोचत नाही. मग तिथल्या मुली हंडे घेऊन विहिरीवर जातात. हजेरी झाल्यावर त्या वर्गात येतात, कधी येतही नाहीत. जोतीरावांनी मुलींसाठी शाळा काढली, आणि आपल्या वाहत्या तोटीमुळे मुलींची शाळा बुडते! मला हे फार वाईट वाटते.

म्हणून आमच्या घरी आम्ही असे ठरवले आहे. हंडा भरला की तोटी बंद. रांजणातले कालचे पाणी शिळे म्हणून ओतायचे नाही. भाजी धुतलेले पाणी परसातल्या केळीला घालायचे. मोटार लावली की एकाने टाकीजवळ उभे राहायचे, कारण टाकी भरून वाहिली की पाणी जाते आणि वीजही जाते. खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करायचा.

आई-बाबांनो, तुम्हीही एवढे कराच. जोतीरावांनी तर घरचा हौद दिला. आपण निदान तोटी बंद करून शेवटच्या घराचे पाणी त्यांना पोचू देऊ या.

अशा या थोर महात्म्यास माझे कोटी कोटी प्रणाम!

— इयत्ता सातवी