शल्यविशारद जाक जोसेफ
मोठ्या नाकापायी कुणी लोकांत मिसळायचे टाळतो, हे मला पूर्वी हास्यास्पद वाटे. १८६५ साली जन्मलेल्या डॉ. जाक जोसेफ या ज्यू शल्यविशारदाला ते दुखणेच वाटले. १८९६ मध्ये त्यांनी एका मुलाचे पुढे आलेले कान मागे बसविले आणि बर्लिनमधली नोकरी गमावली! १८९८ मध्ये एका तरुणाचे नाक लहान केले, ते बाहेरून छेद घेऊन. हाड डोळ्यांपुढे राही, पण व्रण उरे. एक लाज जाऊन दुसरी येई. म्हणून पुढे त्यांनी नाकपुडीतून करवत घालण्याचा मार्ग धरला. आत दिसते फार थोडे. हाताच्या अंदाजाने हाड कापायचे. त्यांच्या स्वतःच्या गालावर मात्र विद्यार्थिदशेतल्या द्वंद्वाचा व्रण होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. १९३४ मध्ये ते बर्लिनला वारले.